दुसऱ्याच्या रोजच्या प्रवासासाठी स्वस्त आणि भरवशाची जुनी गाडी कशी निवडावी

जळगावहून यावलला शिकवायला जाणारी मुलगी, पारोळ्याहून धुळ्याच्या रुग्णालयात पाळीला जाणारी सून, शहाद्याहून नंदुरबारला कचेरीत जाणारा धाकटा भाऊ, अशा कोणासाठी जुनी गाडी घ्यायची वेळ आली की घरातले जाणते लोक आधी गाडी पाहतात. मग किंमत पाडतात, इसार देतात, कागद मागतात आणि ज्याला ती चालवायची आहे त्याला अगदी शेवटी विचारतात. हा क्रमच चुकीचा आहे. निकड ज्याची, त्याच्यापासून सुरुवात करून कागदांकडे आणि मग गाडीकडे जावे. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत आणि एखादा टप्पा पूर्ण होईपर्यंत पुढच्याला हात घालू नये.

## टप्पा १ : चालवणाऱ्याकडून लेखी माहिती घ्यावी

रोजचे अंतर, निघण्याची व परतण्याची वेळ, रस्त्याचा प्रकार, सोबत किती जण असतात आणि दिवसभर गाडी सावलीत उभी राहणार की उन्हात, एवढ्या गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. तोंडी सांगताना माणूस संकोचाने ‘कुठलीही चालेल’ असे म्हणतो आणि मग घेणारा आपल्या आवडीची गाडी घेतो.

वेळेला विशेष महत्त्व आहे. परतीचा प्रवास अंधारात होत असेल, तर कापसाच्या किंवा उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, हे लक्षात घेऊन हेडलाइटच्या उजेडाला आणि ब्रेकला बाकी सोयींपेक्षा वरचे स्थान द्यावे. दुपारी दोनला सुटणारी पाळी असेल, तर एसी ही चैन ठरत नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद काचांच्या गाडीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते.

चालवणाऱ्याची उंची, हात बसलेला आहे की नुकताच परवाना मिळाला आहे, आणि अडीअडचणीला टायर बदलता येतो का, हेही विचारावे. नवशिक्यासाठी लांबलचक सेडान घेणे म्हणजे दर महिन्याला बंपरचा खर्च ओढवून घेणे होय.

तपासणी : या कागदाच्या शेवटी ‘नकोच असलेल्या गोष्टी’ अशी ओळ असावी. डिकीची गरज नाही, मोठे इंजिन नको, विशिष्ट रंग चालणार नाही, जे असेल ते चालवणाऱ्यानेच लिहावे.

## टप्पा २ : इंधन आणि मॉडेल ठरवावे

येथे हिशेब करावा, ऐकीव मतांवर जाऊ नये. समजा, जाऊन-येऊन रोज ५० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर होतात. पेट्रोलची गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याचा खर्च ७,३०० रुपयांच्या जवळ जातो. सीएनजी किलोला २५ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला, तर तोच प्रवास ४,५०० रुपयांत होतो. आपल्या गावचे ताजे भाव घालून हे गणित पुन्हा करावे.

फरक मोठा दिसला तरी सीएनजी घेण्यापूर्वी पंप रोजच्या वाटेवर आहे का आणि तेथे सकाळी किती रांग असते, हे चालवणाऱ्याने स्वतः पाहून यावे. पंपासाठी रोज आठ-दहा किलोमीटर वाकडी वाट करावी लागत असेल, तर बचत तेथेच संपते. बाहेरून बसवलेले किट असेल, तर त्याची नोंद आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर झालेली असलीच पाहिजे, शिवाय विम्यातही असली पाहिजे. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी लागते आणि तिचे प्रमाणपत्र मागून पाहावे. विक्रेता ते पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला, तर गाडीही पुढच्या आठवड्यातच पाहावी.

डिझेलच्या बाबतीत जपून पाऊल टाकावे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ असतो. गावातल्या गावात पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. रोज महामार्गावरून लांबचा पल्ला असेल तरच डिझेलचा विचार करावा.

मॉडेल निवडताना एकच कसोटी लावावी : तालुक्याच्या ठिकाणी तिचा सुटा भाग त्याच दिवशी मिळतो का? अल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, सँट्रो, आय-१० यांसारख्या गाड्या चोपडा, शिरपूर, चाळीसगाव येथील कोणताही मिस्त्री ओळखतो आणि भागही मिळतात. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेवरोले गाड्यांची विक्री भारतात थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. या गाड्या वाईट नाहीत आणि म्हणूनच स्वस्तात मिळतात, परंतु एखाद्या भागासाठी गाडी आठवडाभर गॅरेजात पडली, तर नोकरीवर जाणाऱ्याची अडचण होते. आपल्या घरी दुसरे वाहन असेल तरच तो धोका पत्करावा.

सुरक्षिततेसाठी शक्यतो २०१९ च्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची गाडी पाहावी. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. ऐपत त्याहून कमी असेल, तर जुन्या गाड्यांतही ही दोन्ही साधने असलेले मॉडेल मिळू शकते. त्यासाठी ‘टॉप मॉडेल आहे’ या शब्दावर न थांबता स्टिअरिंगवरील एअरबॅगची खूण आणि चावी फिरवल्यावर लागून विझणारे दिवे पाहावेत.

## टप्पा ३ : पैशांची वाटणी आधीच करावी

हाती असलेली सगळी रक्कम गाडीत घालणे, ही सर्वांत महाग चूक आहे. माझा आग्रह असा की, किमान पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. एकूण तीन लाख असतील, तर गाडी दोन लाख चाळीस हजारांपर्यंतच पाहावी. उरलेल्या साठ हजारांत टायर, बॅटरी, पूर्ण सर्व्हिसिंग, विमा आणि नावावर करण्याचा खर्च बसवावा. जुन्या गाडीला पहिल्या दोन महिन्यांत काही ना काही लागतेच आणि ते पैसे नसले की चालवणारा झिजलेल्या टायरवरच महामार्गावर जातो.

सावधगिरी : नोंदणीला १५ वर्षे होत आलेली गाडी कितीही स्वस्त वाटली तरी तिच्या किमतीत पुनर्नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कराचा खर्च मिळवूनच तुलना करावी.

## टप्पा ४ : गाडी पाहण्यापूर्वी कागद पाहावेत

विक्रेत्याकडून गाडीचा क्रमांक मागून एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर टाकावा. नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची व पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा आणि काळ्या यादीतील नोंद तेथे कळते. थकीत ई-चलन वेगळे तपासावे. हे काम घरबसल्या होते आणि पुढची निम्मी धावपळ वाचवते.

आपल्याकडे एमएच-१९, एमएच-१८ आणि एमएच-३९ या पाट्यांच्या, म्हणजे अनुक्रमे जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे नोंदलेल्या गाड्यांबरोबरच सुरत आणि इंदूरकडील गाड्याही विक्रीला येतात. त्या दिसायला स्वच्छ आणि किमतीला हलक्या असतात. मात्र परराज्यातील गाडीला तेथील आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), म्हणजे नमुना २८ लागतो आणि महाराष्ट्रातील रस्ता कर नव्याने भरावा लागतो. ‘तशीच चालवा, कोणी विचारत नाही’ हा सल्ला स्वीकारू नये. बाहेरच्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल, तर नवी नोंदणी बंधनकारक आहे आणि रस्त्यात अडवले जाणार ते चालवणाऱ्याला, सल्ला देणाऱ्याला नव्हे.

आरसीवर बँकेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा सहीशिक्क्याचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय इसार देऊ नये. मूळ मालक हयात नसेल, तर वारसाने आधी स्वतःच्या नावावर गाडी करून घ्यावी आणि मगच सौदा व्हावा.

तपासणी : विकणारा आणि आरसीवरील मालक एकच आहेत का? मध्ये एजंट असेल, तर मालकाशी एकदा तरी समोरासमोर बोलणे व्हावे.

## टप्पा ५ : पहिली भेट पहाटे, इंजिन थंड असताना

विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवावा. पत्रा कोमट लागला, तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड इंजिनच खरे बोलते. सुरू होताना बॅटरीची ओढ, इंजिनातल्या साखळीचा खडखडाट आणि सायलेन्सरमधून निघणारा पहिला धूर फक्त तेव्हाच कळतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट इंजिनात उतरते आहे.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी उघडून पाहाव्यात. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल काळे असले तरी चालते, पण चिकट डांबरासारखे नसावे. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत दह्यावरच्या साईसारखा पिवळट-पांढरा थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे. हे लक्षण दिसताच माघारी फिरावे. तिसरी गोष्ट रेडिएटर. आपल्या भागात कूलंट संपले की बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची सवय आहे आणि त्याने आतील बारीक नळ्यांत पांढरा थर साचून मे महिन्यात गाडी तापते. झाकणाच्या कडेला पांढरे कवच किंवा आत गंजाळ तांबडे पाणी दिसले, तर रेडिएटर साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च गृहीत धरावा.

सावधगिरी : रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये.

## टप्पा ६ : पत्रा, पाणी आणि मीटर

गाडी उजेडात आणि धुतलेली नसताना पाहावी. बाजूने डोळा पत्र्याच्या रेषेत आणून पाहिले की लांबी (पुट्टी) भरलेला भाग लाटेसारखा दिसतो. बॉनेटच्या आत पुढच्या पंख्याचे, म्हणजे फेंडरचे बोल्ट पाहावेत. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल, तर तो पाना लावून कधीतरी उघडलेला आहे. दरवाज्याची रबर हाताने ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके समान अंतरावर आहेत का, हे पाहावे. बंपर रंगवलेला असणे किरकोळ आहे. चॅसिसचा, म्हणजे सांगाड्याचा पुढचा भाग सरळ करून घेतलेला असणे किरकोळ नाही. सर्व काचांवर एकाच कंपनीची खूण आणि जवळपासचेच वर्ष असावे. एक काच बदललेली चालते, एका बाजूच्या सगळ्याच बदललेल्या असतील, तर कारण विचारावे.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी केवळ मुंबईहून येते, असे मानू नये. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावातच तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी गावात शिरले होते, तर ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यातील वस्त्या अनेक दिवस पाण्याखाली होत्या. धुऊन-पुसून नवे कव्हर घातले की वरून काही कळत नाही. त्यासाठी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडकेपर्यंत बाहेर ओढावा. रोज न उलगडणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल, तर पाणी तेथपर्यंत चढले होते. तसेच सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, स्टेपनीची खाच आणि डॅशबोर्डखालील वायरींचे जोड गंजलेले आहेत का, ते टॉर्च लावून पाहावे. असली गाडी वर्षभर चांगली चालते आणि मग एखाद्या रात्री निर्जन रस्त्यावर तिचे वायरिंग बंद पडते. दुसऱ्यासाठी गाडी घेताना हा दोष कोणत्याही किमतीला स्वीकारू नये.

मीटर मागे फिरवलेले आहे का, हे एका खुणेवरून ठरत नाही. आकडा ३५ हजार आणि पेडलवरचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चमकते, गिअरच्या मुठीवरील आकडे पुसलेले, असे असेल तर शंका घ्यावी. टायरच्या बाजूला असलेले शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी ‘३० हजारच चालली’ असे सांगतात आणि टायर २०२२ चे निघतात, तर पहिले टायर कशाने झिजले, ते विचारावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मालकाने स्वतः मागवून द्याव्यात. त्यातील प्रत्येक तारखेला किलोमीटर लिहिलेले असतात. त्याच टायरची तारीख आणखी एका कारणासाठी पाहावी : खानदेशच्या उन्हात सहा वर्षांहून जुने रबर खाचा शिल्लक असल्या तरी भरवशाचे राहत नाही.

## टप्पा ७ : दुसरी भेट भर दुपारी, चालवणाऱ्यासह

ही भेट चुकवू नये. पहाटेच्या गारव्यात कोणताही एसी गार हवा देतो. उन्हात एसी पूर्ण लावून गाडी जागेवर पंधरा मिनिटे सुरू ठेवावी. हवा गार राहिली पाहिजे आणि रेडिएटरचा पंखा ठरावीक वेळाने सुरू होऊन बंद होताना ऐकू आला पाहिजे. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त तांबडा दिवा असतो आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून कान पंख्याकडे द्यावा.

नंतर स्टिअरिंग त्याच्याच हाती द्यावे, ज्याच्यासाठी गाडी घ्यायची आहे. आपण शेजारी बसावे आणि सूचना देण्याचे टाळावे. सीट पुढे-मागे केल्यावर क्लच पूर्ण दाबला जातो का, आरसे दिसतात का, मागे घेताना मान वळवून काच दिसते का, हे त्याचे त्यालाच कळते. फेरीत गल्ली, गतिरोधक, उड्डाणपुलाचा चढ आणि महामार्गाचा तुकडा असावा. चढावर थांबून हँडब्रेकवर गाडी उचलून पाहावी. ताशी ७०-८० वेगाला स्टिअरिंग थरथरते का आणि सरळ रस्त्यावर हलका हात ठेवल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहून मोकळ्या जागी जोरात ब्रेक दाबावा. क्लचसाठी गाडी थांबलेली असताना हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. इंजिन तत्काळ बंद पडले तर क्लच ठीक आहे आणि गुरगुरत सुरूच राहिले तर तो घसरतो आहे. हा प्रयोग एकदाच करावा.

तपासणी : परत आल्यावर ‘ही गाडी तू रोज चालवशील का?’ असे एकट्यात विचारावे. विक्रेत्यासमोर किंवा खर्च करणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर खरे उत्तर येत नाही. उत्तरात घुटमळ जाणवली, तर ती गाडी सोडावी.

## टप्पा ८ : आपला मिस्त्री, आपल्या खर्चाने

विक्रेत्याने सुचवलेल्या गॅरेजात तपासणी करू नये. ज्या गॅरेजात ही गाडी पुढे दुरुस्तीला जाणार आहे, तेथेच ती उचलून खालून दाखवावी. ऑइलची गळती, शॉकअप, सायलेन्सर, एक्सलचे फाटलेले बूट (रबरी आवरणे) आणि चॅसिसवरचे वेल्डिंग हे जमिनीवरून दिसत नाही. स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात साठलेले दोष वाचून घ्यावेत. इंजिनाचे भाग एका लयीत फिरवणारा टायमिंग बेल्ट आहे की साखळी, हे येथेच विचारावे. उदाहरणार्थ, अल्टो ८०० च्या इंजिनाला बेल्ट असतो. तो बदलल्याची पावती नसेल, तर बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करावा, कारण धावताना बेल्ट तुटला की गाडी जागेवर उभी राहते.

गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची पेट्रोलची असेल, तर इंधनाच्या रबरी नळ्या बारकाईने पाहायला सांगाव्यात. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या नळ्या त्याने लवकर कडक होऊन तडकतात. नळ्या स्वस्त असतात, त्या बदलूनच गाडी द्यावी.

## टप्पा ९ : सौदा आणि नाव

मिस्त्रीने सांगितलेल्या खर्चाची यादी समोर ठेवून किंमत बोलावी. हवेतल्या घासाघिशीपेक्षा लिहिलेल्या यादीपुढे विक्रेता लवकर उतरतो. इसार अल्प असावा आणि पावतीवर गाडीचा क्रमांक, ठरलेली किंमत, उरलेली रक्कम आणि ‘कागदात दोष निघाल्यास इसार परत’ हे वाक्य असावे. उरलेले पैसे बँकेतूनच द्यावेत.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. पैसे वडील देतात म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घेण्याची आपल्याकडे रीत आहे. विम्यातील १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण मात्र परवानाधारक मालक-चालकासाठी असते. गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवणारी मुलगी असेल, तर अपघातात ते संरक्षण तिला मिळत नाही. म्हणून शक्यतो जो चालवणार त्याच्याच नावावर गाडी घ्यावी आणि ते जमत नसेल, तर चालकासाठीचे संरक्षण विम्यात वेगळे मागून घ्यावे.

गाडी नावावर करण्याच्या नमुना २९ आणि नमुना ३० यांवर दोघांच्या सह्या समोरासमोर व्हाव्यात. कोऱ्या नमुन्यांवरील सह्या घेऊन ‘नंतर करू’ असे म्हणणाऱ्या एजंटाकडे गाडी ठेवू नये. कायद्याने विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहार १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. नाव बदलण्यापूर्वी अपघात झाल्यास नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. ही गोष्ट विक्रेत्याला सांगितली की तोही कामाला लागतो. चॅसिसचा पेन्सिलने घेतलेला ठसा आरसीवरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवावा.

विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवून पॉलिसी नव्या नावावर करून घ्यावी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात फरक भरावा लागतो. नवे नाव लागेपर्यंत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो, म्हणून आरटीओच्या पावतीची प्रत जोडून अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.

## टप्पा १० : चावी देण्यापूर्वी

राखून ठेवलेल्या रकमेतून ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि वायपर बदलावेत. जुनी नोंद काय सांगते याची वाट पाहू नये. ब्रेकचे पॅड उघडून पाहावेत आणि हेडलाइटची उंची भिंतीसमोर बसवून घ्यावी. नंबरपाटी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा पाटी नसेल, तर तिची नोंदणी करावी.

गाडीत स्टेपनी, जॅक, पाना, टो करण्याचा दोर, टॉर्च आणि पाण्याचा कॅन ठेवावा. चालवणाऱ्याने घरासमोर एकदा स्वतःच्या हाताने चाक काढून पुन्हा बसवावे. बोल्ट सुटत नसतील, तर ते आजच कळलेले बरे. मिस्त्रीचा आणि टोइंगवाल्याचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये असावा, तुमच्या नव्हे.

पहिला महिना दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, ऑइलची आणि कूलंटची पातळी पाहून चिठ्ठीवर तारखेसह लिहावी. पातळी सलग दोन आठवडे उतरत असेल, तर तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता गाडी गॅरेजात न्यावी. नवी आरसी हाती आली की तिच्यावरील नाव, इंधनाचा प्रकार आणि चॅसिस क्रमांक तपासून तिची एक प्रत घरी ठेवावी आणि डिजिलॉकरमधील प्रत चालवणाऱ्याच्या फोनवर उतरवून द्यावी.